पडायला शिकवणारे सर

सर, तुम्ही जाऊन अजून दोन आठवडे झाले नाहीत आणि गावानं तुमचा विनोद करून टाकलाय. "पडायला शिकवणारा मास्तर पडून गेला." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते रक्षाविसर्जनाच्या दिवशी, तुमच्याच दारात चपला काढताना. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. कोल्हापुरात माणसाला गलबलून आलं की तो आधी काहीतरी खवचट बोलतो, हे तुम्हाला मी काय सांगणार! पण तेव्हापासून ते वाक्य माझ्या मागंच लागलंय. चहाच्या गाड्यावर भेटलं, क्लासच्या जिन्यात भेटलं. परवा तर एका मुलाच्या आईनं फोनवर सरळ विचारलं, "मॅडम, मग ते पडायचं शिकून उपयोग काय हो?" "नंतर बोलू" म्हणून मी फोन ठेवला आणि दिवसभर स्वतःवरच चिडचिड करत राहिले.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. हृदय आधी थांबलं, पडणं नंतरचं. तुम्ही सकाळी अंगणात नळाखाली बादली लावून उभे होता. तुमचे वडील, आबा, समोर खुर्चीवर उन्हाला बसले होते. तुमच्या घरच्या, आमच्या काकी, आत भाकऱ्या करत होत्या. बादली भरून पाणी फरशीवर वाहायला लागलं तरी नळ कुणी बंद करेना, म्हणून काकी वैतागून बाहेर आल्या. एवढंच घडलं. डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं, हेही डॉक्टरच म्हणाले. आता हे सगळं चहाच्या गाड्यावर उभं राहून कुणाकुणाला समजावू? मी दोघांना सांगून बघितलं. त्यांनी मान डोलावली आणि तोच विनोद पुन्हा एकमेकांना सांगितला.

पेपरात तुमच्यावर थोडकं छापून आलं. तुमची कोणती पोरं कुठं खेळली, कुणाला काय मिळालं, हे त्यात होतं. ते मी इथं पुन्हा लिहीत नाही. त्यात नव्हतं ते लिहिते.

मी कॉलेजला असताना हातकणंगल्याहून रेल्वेनं यायची. आमचं घर जैनाचं, शेतीचं आणि खतं-औषधांच्या दुकानाचं. मुलीनं ज्युदो शिकायचा म्हटल्यावर माझ्या वडलांचा, आप्पांचा, चेहरा पडला. मी त्यांना पटवलं की ज्युदोत मारत नाहीत, नुसतं पाडतात. आप्पा म्हणाले, "पाडतात म्हणजे? हळूच नेऊन ठेवतात काय?" मी हो म्हणाले. पहिल्या दिवशी तुम्ही खरंच आम्हाला कुणाला पाडलं नाहीत. उकिडवं बसवलंत, हनुवटी छातीला लावायला सांगितलीत आणि म्हणालात, आता मागं जावा आणि पाठ टेकवा, दोन्ही तळवे मॅटवर आपटा. त्याला जपानी शब्द आहे. तुम्ही तो कधी वापरला नाहीत, तुम्ही "पडा" एवढंच म्हणायचात.

मी पडले. सपशेल, पहिल्याच झटक्यात. माझ्या शेजारची तालमीतली पोरं मात्र काही केल्या पडेनात. कुणी कुशीवर वळत होता, कुणी कोपर टाकत होता. एक तर मानेवर पूल करून तसाच तरंगत राहिला, लाल चेहऱ्यानं. पाठ सोडून सगळं टेकवायची त्यांची तयारी होती. तुम्ही माझ्याकडं बोट दाखवून म्हणालात, "बघा हिच्याकडं. हिच्या घरात सात पिढ्यात कुणी मैदान मारलेलं न्हाय, म्हणून हिला पाठीची लाज न्हाय!" सगळा हॉल हसला. मला असा राग आला की दुसऱ्या दिवशी यायचंच नाही असं ठरवून मी गाडीत बसले. रुकडी स्टेशन गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे कौतुक होतं. तुमचं कौतुक हे नेहमी असंच उशिरा कळायचं.

आमच्याकडं कुस्तीच्या घरातलं पोर चालायला लागायच्या आधीपासून एकच गोष्ट ऐकतं. पाठीला माती लागता कामा नये. लागली की खेळ खलास, आणि पुढं वर्षभर गल्लीतला प्रत्येक माणूस त्याची आठवण करून देणार. मग असं पोर कुठंही घसरलं, सायकलवरून, मोरीत, जिन्यात, तरी आधी हात खाली टाकतं. सगळं अंग त्या एका हातावर येतं आणि हाड मोडतं. तुम्ही म्हणायचात, "दुसरीकडची पोरं भ्यालेली असत्यात म्हणून हात टाकत्यात. आपली अब्रूपायी टाकत्यात. भ्यालेलं पोरगं लौकर सुधारतं." ही चूक आपल्याच भागातली आहे, असं तुम्ही जवळजवळ अभिमानानं सांगायचात.

कारण ती तुम्ही स्वतः केली होती. मलकापूरच्या बाजूचं तुमचं गाव, आबा त्या भागातले नावाजलेले पैलवान. त्यांनी तुम्हाला कोल्हापूरच्या तालमीत घातलं, घरचं तूप पोचवलं, स्वतः अंगावर एक चांगला सदरा शिवला नाही. आणि तुम्ही कॉलेजात एका बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाच्या नादानं गंमत म्हणून ज्युदोच्या मॅटवर गेलात. त्या माणसानं तुम्हाला उचललं. तुम्ही हवेतच वळलात, पाठ वाचवली, हात टाकलात आणि गळ्याखालचं हाड मोडून घेतलंत. हात गळ्यात बांधून पडला होता तेव्हा आबा एसटीनं आले. त्यांचा पहिला प्रश्न, "कुणी पाडलं?" तुम्ही म्हणालात, "कुणी न्हाय. पडलो न्हाय म्हणून मोडलं." आबांना वाटलं, पोराच्या डोक्यालाही मार लागलाय. हा किस्सा तुम्ही दर बॅचला सांगायचात आणि दर वेळी आबांची नक्कल करायचात. आम्ही दर वेळी हसायचो.

दुसरा किस्सा मात्र तुम्ही हसत सांगायचात आणि आम्हाला हसू यायचं नाही. हाड जुळल्यावर तुम्ही आखाडा सोडलात. पुढं हा क्लास काढलात आणि एकदा आबांना दाखवायला आणलंत. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले. आत हॉलभर पोरं तुम्ही शिट्टी मारली की आपणहून उताणी पडत होती आणि वर आनंदानं मॅट बडवत होती. आबांनी फेटा सारखा केला. "ही कसली तालीम? सगळी पोरं आपणच चीत हुत्यात की!" चहाही न घेता ते स्टँडवर गेले. गावात जाऊन त्यांनी सांगितलं, माझं पोरगं कोल्हापुरात हरायला शिकवतंय.

तुमची आई गेल्यावर आबा कळंब्याला तुमच्याकडं राहायला आले. एका घरात, एका ताटलीतलं खाणारे तुम्ही दोघे. पण क्लासचा विषय निघाला की आबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. दर वर्षी बेल्टच्या परीक्षेच्या दिवशी तुम्ही पांढरा शर्ट घालून त्यांच्या खोलीच्या दारात उभे राहायचात. "आबा, येताय न्हवं?" ते म्हणायचे, "गुडघं दुखत्यात." त्याच संध्याकाळी ते शेजारच्या मंडळाच्या पारावर चालत जाऊन बसलेले असायचे. मी तुम्हाला म्हणायची, सोडा आता सर, ह्या वयात ते बदलायचे नाहीत. तुम्ही म्हणायचात, "बदलू देत न्हाईतर न्हाई. बघून तर जाऊ देत." तुम्हाला शाबासकीसुद्धा नको होती. त्यांनी आत येऊन बसावं, एवढंच हवं होतं. ते झालं नाही, आणि ह्या एका गोष्टीचं मला तुमच्या जाण्याइतकंच वाईट वाटतं.

तुम्ही फार गोड माणूस होता असं आता सगळे म्हणतायत. मी होकार देते, पण मनातून नाही. तुम्ही तापट होता, हेकट होता. कुणी मॅटवर चप्पल घालून पाय ठेवला तर त्याच्या वडलांच्या देखत त्याची बिनपाण्यानं करायचात. पण आमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत हे तुम्हाला कुठून तरी कळलं. मी काही सांगितलं नव्हतं. क्लास ऐन मावळतीला असायचा आणि मी उपाशीच रेल्वेनं परत जायची. एक दिवस तुम्ही मधेच शिट्टी मारलीत. "दिवस बुडायलाय. पद्मा, डबा खाऊन घे. बाकीच्यांनी जोर मारा." त्यानंतर मी शिकत होते तोवर रोज मधली सुट्टी सूर्याच्या हिशोबानं व्हायची, थंडीत लवकर, उन्हाळ्यात उशिरा. पोरं कुरकुरायची की पद्मा जेवते आणि आम्ही जोर मारतो. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही मलाही जोर मारायला लावले असते.

आणि तो उसाच्या ट्रॉलीचा दिवस. ट्रॅक्टरवाल्यानं दिवा न देता वळण घेतलं आणि मी गाडीवरून उडाले. डांबरावर पाठ टेकली, तळवा आपटला आणि मी उठून बसले. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. आप्पांच्या आधी मी तुम्हाला फोन केला. लागलं का, कुठं आहेस, काही विचारलं नाहीत. "हनुवटी कुठं हुती?" मी म्हटलं, छातीला, सर. "मग घरी जा. हळद लाव." आणि ठेवलात फोन. काकींनी नंतर सांगितलं, फोन ठेवून तुम्ही कट्ट्यावर जाऊन बसलात आणि बराच वेळ घोटभर पाणीही मागितलं नाहीत.

आता आपला वाद. हातकणंगल्याचं दुकान भावाच्या हवाली करून मी तुमच्या हाताखाली शिकवायला लागले, तेव्हापासूनचा तो एकच वाद आहे. नव्या मुलांना तुम्ही पहिले तीन महिने फक्त पडायला लावायचात. मी म्हणायची, सर, हल्ली पालकांना दर महिन्याला काहीतरी दिसायला लागतं. पलीकडच्या चौकात नवा क्लास निघालाय, तिथं दुसऱ्या आठवड्यात पोरं लाथ मारून दाखवतात आणि व्हिडिओ घरच्या ग्रुपवर जातो. आपल्या पोरांचा काय व्हिडिओ जाणार, उताणं पडल्याचा? दोन आठवडे पडणं, मग एखादा सोपा डाव, आणि पडण्याचा सराव पुढं चालूच राहील. माझं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. अर्धी बॅच गळते, हे मी डोळ्यांनी बघत होते. तुमचं उत्तर ठरलेलं. "दुसऱ्याला पाडायला शिकलेलं पोरगं परत पडायला तयार हुत न्हाय. आधी पडू दे." शेवटच्या शनिवारी मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, "पोरं टिकत नाहीत सर!" तुम्ही माझ्याकडं बघितलंत, किटलीतला चहा माझ्या कपात ओतलात आणि म्हणालात, "न्हाईत तर न्हाईत. चहा घे, गार हुतोय." मी तो रागानं घेतला. पुढचं बोलणं सोमवारवर ढकललं आणि सोमवार आलाच नाही.

हॉल बंद आहे. येत्या सोमवारी उघडायचा, नवी मुलं घ्यायची, असं काकींनीच मला सांगितलं. आता वाद घालायला समोर कोणी नाही, त्यामुळं जिंकायला हरकत नाही. दोन आठवडे पडणं, मग डाव. मी तसं जवळजवळ ठरवलंही होतं. त्यात गावभर तो विनोद. पडण्याचं नावच काढलं नाही तर बरं, असंसुद्धा एकदा मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू.

काल दुपारी हॉलची किल्ली घ्यायला तुमच्या घरी गेले. कुणी लांबचे पाव्हणे भेटायला आले होते. त्यातल्या एकानं चहा पिता पिता तेच काढलं. म्हणजे बघा, आयुष्यभर लोकांना पडायला शिकवलं, आणि... त्याचं वाक्य पुरं झालं नाही. कोपऱ्यातून आबा ओरडले, "तू बघितलंस व्हय रं? मी बघितलंय! समोर बसलोतो मी!" पाव्हण्यानं कप खाली ठेवला. आबा म्हणाले, "मी शंभर कुस्त्या बघितल्यात. माणूस कसा खाली जातोय ते मला कळतंय. त्यो पडला न्हाय. छातीला हात लावला, गुडघ्यात वाकला आन बसल्यागत मागं गेला. मुंडी आत हुती त्याची. आत!" मग त्यांना खोकला आला आणि काकींनी पाणी दिलं.

सर, हृदय थांबताना माणसाच्या हातात काय उरतं ते मला ठाऊक नाही. आबांनी पाहिलं ते खरं की त्यांना तसं दिसावंसं वाटलं, हेही मी सांगू शकत नाही. डोक्याला खरचटलं नव्हतं, एवढं मात्र आहे.

पाव्हणे गेल्यावर मी किल्ली घेऊन निघाले तर आबांनी हाक मारली. "पद्मा, त्यो कसं पडायला शिकवत हुता? दाव." मला वाटलं, बघायचं असेल. मी पदर खोचला. ते म्हणाले, "तू नगं. मला शिकीव."

काकी म्हणाल्या, "मामंजी, काय ह्या वयात? हाडं गोळा करायला लागतील." आबांनी ऐकलं नाही. खुर्चीचे दोन्ही हात धरून ते जमिनीकडं बघत बोलत होते. "त्यो माझ्याफुडं खाली गेला. चार पावलांवर. आन मी उठलो न्हाय. फरशीवर पाणी झालंतं. उठलो तर घसरणार, पडणार, म्हणून बसून राह्यलो. हाका मारल्या त्याला नुसत्या, त्याबी तोंडातल्या तोंडात. आयुष्यात कुठल्या पैलवानाला भ्यालो न्हाय गं मी. त्या दिशी फरशीला भ्यालो."

काकींनीच आतून दोन गाद्या आणल्या आणि एकावर एक घातल्या. आम्ही आबांना त्यांवर बसवलं. मी त्यांच्या मानेमागं हात धरला, काकींनी गुडघे धरले. मी सांगितलं, हनुवटी छातीला लावा आणि हळूहळू मागं या, मी धरलंय. ते निम्मे आले आणि ताठले. उजवा हात आपोआप मागं गेला, जमीन शोधायला. तुमच्या त्या तालमीतल्या पोरांसारखाच. मी तो हात धरून त्यांच्या पोटावर ठेवला. "हात नको, आबा." मानेचा भार माझ्या तळव्यावर आला. त्या मानेत अजून पैलवान आहे, सर. मग हळूहळू खांदे टेकले आणि पाठ टेकली.

आबा छताकडं बघत पडून राहिले. छाती भात्यासारखी हलत होती. मग म्हणाले, "एवढंच व्हय?"

"एवढंच," मी म्हटलं.

काकींनी पदर तोंडाला लावला. आबा उठायचं नाव घेईनात. मी हात द्यायला गेले तर त्यांनी तो नुसता धरून ठेवला आणि वर बघतच विचारलं, "मग त्यो दर साली बोलवत हुता, तवा मी का गेलो न्हाय गं?"

मी म्हटलं, "आबा, सोमवारी नवी बॅच आहे. तुम्ही या. पहिले तीन महिने नुसतं पडायचंच आहे."